मैदानावर मोबाइल हवा, पण मीटरपट्टीसह

वर्गात मोबाइल नको, हे मत मलाही मान्य आहे. परंतु शाळेच्या मैदानावर एक मोबाइल, तोही शिक्षकांच्या हातातला, असलाच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. गोळाफेक शिकवताना त्याचा कॅमेरा जे दाखवतो ते अनुभवी क्रीडाशिक्षकाच्या डोळ्यालाही टिपता येत नाही. अट एकच. कॅमेऱ्याच्या जोडीला मीटरपट्टी, ओळंबा आणि वही हवी. ती नसेल तर तो नुसता तमाशा.

गोळा ढकलण्याची शेवटची क्रिया पाव सेकंदाच्या आसपास आटोपते. एवढ्या वेळात पाय, कंबर, खांदा आणि मनगट यांनी काय केले हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. त्याला गोळा कोठे पडला एवढेच दिसते, आणि मग “जोर लाव!” ही एकच सूचना उरते. साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतो, म्हणजे त्या पाव सेकंदाची सात-आठ चित्रे मिळतात. मंदगती चित्रणाची सोय असलेला मोबाइल सेकंदाला १२० किंवा २४० चित्रे घेतो. तेव्हा त्याच क्रियेची तीस किंवा साठ चित्रे हाती येतात.

परदेशात ही युक्ती गोल्फच्या खेळाडूंनी फार उचलून धरली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात लुकलुकणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात गोल्फपटूंची छायाचित्रे घेतली. काठीच्या एका फटक्यातील कितीतरी स्थिती एकाच चित्रात पंख्यासारख्या पसरलेल्या त्यांत दिसतात. गोल्फची काठी चेंडूला जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद चिकटलेली असते. मोबाइलच्या २४० चित्रांमधील अंतरसुद्धा चार सहस्रांश सेकंदांहून अधिक, म्हणजे प्रत्यक्ष टोला दोन चित्रांच्या फटीत हरवण्याचीच शक्यता फार. गोळाफेकीत ही अडचण नाही. गोळा जड, वेग बेताचा, आणि जे पाहायचे ते सगळे कॅमेऱ्याच्या आटोक्यात. आमच्या मैंदर्गीत गोल्फचे नाव काढले तर लोक हसतील, पण गोळा बहुतेक शाळांच्या कपाटात असतो.

आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे थोड्या थोड्या अंतराने चित्रण केले. कित्येक दिवसांची वाढ त्यांनी पडद्यावर काही क्षणांत दाखवली. आपण नेमके उलटे करणार आहोत, एका क्षणाचे पुष्कळ क्षण.

आता रीत. मोबाइल हातात धरू नये. स्टुलावर किंवा विटांवर पक्का बसवावा. गोळ्याच्या मार्गाशी काटकोन करून, बाजूला दहा मीटर अंतरावर तो ठेवावा. गोळा पडण्याच्या दिशेला कोणीही उभे राहू नये, हे सांगायला नकोच. हा काटकोन महत्त्वाचा आहे. समजा कॅमेरा ३० अंशांनी तिरका राहिला. आडवे अंतर आखडून दिसेल, उभे मात्र तेवढेच राहील, आणि ४० अंशांनी सुटलेला गोळा पडद्यावर ४४ अंशांनी सुटलेला दिसेल. शिक्षक म्हणतील, “कोन कमी कर”. मुलगा बिचारा कमी करील, आणि आधीचा बरा प्रयत्न बिघडवून बसेल. मीटरपट्टीही गोळ्याच्या मार्गाच्याच उभ्या प्रतलात हवी. ती कॅमेऱ्याकडे दोन मीटर पुढे आणली तर ती सव्वापट मोठी दिसेल आणि गोळ्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी निघेल.

फेक टिपण्यापूर्वी गोळा सरळ खाली सोडून त्याचे चित्रण करावे, असा माझा आग्रह आहे. सेकंदाला ३० चित्रे असतील तर पंधराव्या चित्रात, म्हणजे अर्ध्या सेकंदात, गोळा सव्वा मीटरला किंचित कमी, १.२२ मीटर खाली आला पाहिजे. नाही आला, तर पट्टी चुकीच्या जागी आहे किंवा मोबाइल प्रकाश कमी म्हणून चित्रांची संख्या गुपचूप कमी करतो आहे. काही मोबाइलना ही खोड असते. पृथ्वी मात्र कोणाच्याही सोयीने आपले त्वरण बदलत नाही, म्हणून उपकरण तपासायला तिच्याइतका विश्वासू साक्षीदार नाही.

यानंतर गोळा हातातून सुटल्यावरची चित्रे एकामागून एक थांबवून पडद्यावर पातळ कागद धरावा आणि गोळ्याच्या जागी टिंबे काढावीत. दोन टिंबांतील आडवी अंतरे सारखी येतील, उभी बदलत जातील. आडवा वेग कायम आणि उभ्या वेगाला गुरुत्वाचे त्वरण, हे फळ्यावर दहा वेळा लिहूनही जे पटत नाही, ते या कागदावर एका नजरेत पटते. आमच्या सीमाभागात मैदानावर अर्धी बोली मराठी आणि अर्धी कानडी असते. टिंबांना त्याची अडचण नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चित्रफितीवर सर्वांत सहज मोजता येतो तो सुटण्याचा कोन, म्हणून सगळे कोनाच्याच मागे लागतात. थोडा हिशेब करू. गोळा जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर, सेकंदाला ९ मीटर वेगाने सुटला असे धरा. कोन ४५ अंश असेल तर तो ९.६४ मीटर जातो. सुटण्याची जागा जमिनीहून उंच असल्यामुळे सर्वोत्तम कोन ४५ नसून ४० च्या आसपास येतो, आणि तेव्हा तो ९.७३ मीटर जातो. ३५ अंशांना ९.६१. म्हणजे दहा अंशांच्या खटाटोपात फार तर दहा-बारा सेंटीमीटरांचा फरक. (शिवाय वरच्या दिशेने ढकलताना माणसाला तेवढा वेग देता येत नाही. म्हणून नामवंत खेळाडूंचे कोन बहुधा ४० च्या खालीच आढळतात.)

आता वेगाकडे वळू. गोळा ५ किलोग्रॅमचा असेल आणि हात त्याला दीड मीटरच्या मार्गावर ढकलत असेल, तर ९ मीटर वेगासाठी सरासरी १३५ न्यूटन बल लागते. वजन पेलण्याचे बल निराळे. तेच बल दीडऐवजी १.८ मीटरच्या मार्गावर लावता आले तर वेग ९.८६ होतो आणि गोळा ११.४ मीटरपर्यंत पोचतो. मार्ग ३० सेंटीमीटरने वाढला, फेक जवळजवळ पावणेदोन मीटरने! एवढ्या लांब मार्गावर बल टिकवणे शरीराला सोपे नाही, सराव लागतो तो त्यासाठीच. पण काय शोधायचे हे आता कळले. गोळा सुटल्यानंतरच्या चित्रांपेक्षा सुटण्यापूर्वीच्या चित्रांकडे पाहा. गोळा किती मागून निघाला? मध्येच एखाद्या ठिकाणी टिंबे जवळजवळ आली का? आली असतील तर तेथे गोळा मंदावला आहे. पाय सरकून थांबले आणि कंबर उशिरा वळली, असे बहुधा त्या ठिकाणी सापडते. तेवढे सुधारले की झाले.

म्हणजे कोन निरर्थक आहे काय? नाही. पॅरिस येथे २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ गटात आपल्या सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्ट यांच्या १६.३८ मीटरला गेले. अंतर सहा सेंटीमीटर! खिलारी हे आमच्या सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे. त्या पातळीवर सेंटीमीटरांचा हिशेब करावाच लागतो. नववीतल्या मुलाने मात्र आधी पावणेदोन मीटरची बाजू पाहावी. चढाओढीत उलटे घडते. जागतिक विजेत्याची चित्रफीत शोधून त्याच्यासारखी गिरकी घेण्याचा हट्ट धरला जातो. त्याची उंची निराळी, ताकद निराळी, गोळासुद्धा जड. आपल्या मागच्या आठवड्यातील फेकीशी आजची फेक ताडून पाहण्यात जे मिळते ते त्या नकलेत मिळत नाही.

हे काम क्रीडाशिक्षक आणि विज्ञानशिक्षक यांनी मिळून करावे. एकाला शरीर कळते, दुसऱ्याला मोजमाप. बहुतेक शाळांत हे दोघे चहाच्या वेळेपुरते भेटतात. नववीच्या पुस्तकातील ‘गतीचे नियम’ हा धडा आणि खेळाचा तास आठवड्यातून एकदा एकत्र घ्यायला कोणाची परवानगी लागू नये.

एक गोष्ट मुख्याध्यापकांसाठी. मुलींचे चित्रण म्हटले की पालक बिचकतात, आणि ती चित्रे कोठे कोठे फिरतात हे पाहता त्यांना दोष देता येणार नाही. त्यावर उपाय म्हणजे टिंबे कागदावर उतरली, आकडे वहीत गेले की चित्रफीत त्याच दिवशी, विद्यार्थ्यांच्या समोर पुसून टाकावी. आपल्याला चेहरा नको, गोळ्याची जागा हवी. एवढा नियम पाळला नाही म्हणून जर मुली मैदानावरून घरी परतल्या, तर सगळ्या मोजमापाची किंमत शून्य.

थाळीफेकीला आणि भालाफेकीला मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. गोळ्यावर हवेचा परिणाम नगण्य असतो. थाळी आणि भाला यांना हवा अडवतेही आणि उचलूनही धरते. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी थाळीच्या पहिल्या तीन-चार टिंबांवरून तिचा बिनहवेचा मार्ग कागदावर आखावा आणि प्रत्यक्ष टिंबे त्यापासून किती ढळली ते मोजावे. एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा वाऱ्याच्या विरुद्ध फेकून पाहावे. वाऱ्याविरुद्धची थाळी कधीकधी अधिक लांब का जाते, हे आकडे समोर ठेवून वर्गात भांडण्याजोगे आहे.