धावणे की पोहणे?

धावण्याला ना पैसा लागतो, ना गुरू. मोकळे मैदान दिसले की मुलांचे पाय आपोआप धावू लागतात. पाऊल भूमीवर पडते, त्या भाराने हाडे बळकट होतात. हा गुण पोहण्यात तितकासा नाही. तरीही, बालमित्रांनो, माझा कौल पोहण्यालाच आहे. पोहताना हात, पाठ, पोट, पाय सारेच राबतात. शिवाय शरीराचा भार पाणी पेलते, म्हणून सांध्यांना धक्का बसत नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, पायांतले बळ गेले. धावणे संपले, पण पाण्याने त्यांना पेलले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले.

मी स्वतः पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. वडील काठावर उभे असत. (नाकातोंडात पाणी किती गेले, ते विचारू नका!) पुढे मी शिक्षक झालो. एका पावसाळ्यात माझ्या वर्गातील एक मुलगा ओढ्याच्या पुरात वाहून गेला. धावण्याच्या शर्यतीत तो नेहमी पहिला येई. पोहणे मात्र त्याला कोणी शिकविले नव्हते. मीही नाही.