पूर्णा कोणाची?

वसमतमध्ये ‘पूर्णा’ हा दोन अक्षरी शब्द उच्चारला की ऐकणारा प्रत्येक जण आपापला अर्थ घेतो. रेल्वेच्या प्रवाशास ते परभणी जिल्ह्यातील जंक्शन वाटते, ऊस घालणाऱ्यास सहकारी साखर कारखाना, तर बागाइतदारास सिद्धेश्वरहून येणारा कालवा. पंचांगात पंचमी, दशमी, पौर्णिमा याही ‘पूर्णा’च. अकोल्याचा पाहुणा तर निराळीच नदी सांगेल. त्याची पूर्णा तापीला मिळते, आपली अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला.

एवढ्यावर थांबले तर ही केवळ नावाची गंमत ठरेल. परंतु व्यासपीठावरून ‘पूर्णेने हा मुलूख समृद्ध केला’ असे जेव्हा ठासून सांगितले जाते, तेव्हा कोणाची पूर्णा आणि कोणाची समृद्धी, हा सवाल त्या एका नावाआड दडपला जातो. आमचा आक्षेप आहे तो या दडपणुकीला.

येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६८ साली पूर्ण झाली. येलदरीत पाणी साठवायचे, त्यावर वीज निर्माण करून ते खाली सोडायचे, सिद्धेश्वरला अडवून कालव्यात घालायचे, अशी ही योजना. ज्यांची जमीन बुडाली, त्यांच्या लेखी पूर्णा म्हणजे पाण्याखाली गेलेले शिवार. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला तो १९७६ मध्ये. धरण आधी, न्याय मागाहून! कालव्याच्या माथ्यावरील ऊसवाल्याला पूर्णा म्हणजे हक्काचे पाणी. टेलच्या शेतकऱ्याला ती म्हणजे कोरडी चारी आणि हरभऱ्याची हुकलेली पाळी. उचल घेऊन फडात उतरलेल्या ऊसतोड जोडप्याला तर तिच्या पाण्यात कसलाच वाटा नाही. त्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडणे एवढाच त्यांचा पूर्णेशी संबंध.

कोणी म्हणेल, कालव्याने पीक वाढले हे तुम्हांला मान्य नाही काय? अवश्य मान्य आहे. आमचा विरोध धरणाला नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या पाण्यावर मूठभरांनी मालकी सांगण्याला आहे. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याचे तत्त्व स्वीकारले. ते तत्त्व कागदावर राहिले, तर मापही माथ्यावरच्यांच्याच हाती राहील.

म्हणून कार्यकर्त्यांनी यापुढे सभेत ‘पूर्णा’ हे नाव ऐकले की उभे राहून विचारावे : कोणती पूर्णा? किती पाणी, कोणत्या चारीला, कोणत्या पाळीत? आणि आवर्तन टेलपासून माथ्याकडे का नाही? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मागावीत, टेलच्या गावी जाऊन पडताळावीत. नदीचे नाव पूर्णा असले, तरी वाटणी अपुरी असेल तोवर समृद्धीची भाषा ही निव्वळ दिशाभूल आहे.