सुरतेच्या बागेत कॅमेलियाचा हट्ट कशाला?

हिवाळा आला की मोबाइलवरच्या जाहिरातींत कॅमेलियाची रोपे दिसू लागतात. गडद हिरवी, तुळतुळीत पाने आणि त्यांत एकावर एक शिस्तीत रचलेल्या पाकळ्यांचे पांढरे, गुलाबी किंवा लाल फूल. फोटो पाहून मोह व्हावा असेच हे झुडूप आहे. त्याचे हजारो वाण जगभर नोंदलेले आहेत, एकेरी पाकळीच्या साध्या फुलापासून गुलाबाला लाजवणाऱ्या भरगच्च फुलापर्यंत. वेसू, पाल, अडाजणच्या नव्या सोसायट्यांत बाग आता इमारतीच्या किमतीत धरली जाते, आणि अशा बागेत ‘काहीतरी वेगळे’ हवे म्हणून हे रोप मागवणारे मिळतात. माझे म्हणणे सरळ आहे. सुरतेत कॅमेलिया लावू नये, आणि तो न लावण्याचे कारण तो परदेशी आहे हे नसावे. इथली माती, इथले पाणी आणि इथले बारा महिने त्याला मानवत नाहीत, एवढे कारण पुरेसे आहे. हीच कसोटी आपल्या ओळखीच्या झुडपांनाही लावली, तर बागेतले बरेच निर्णय बदलतील.

कॅमेलिया आणि चहा ही एकाच प्रजातीतली झुडपे. त्यातल्या चहाशी सुरतेचा संबंध साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. 1638 मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने इथल्या रोजच्या बैठकींत चहा घेतला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. 1689 मध्ये इंग्लंडहून निघालेल्या आणि इथे इंग्रज वखारीचा पाद्री राहिलेल्या जॉन ओव्हिंग्टनने इथले वाणी चहा पितात हे पाहिले आणि पुढे 1699 मध्ये लंडनला चहावर एक छोटे पुस्तकच छापले. पण हा सगळा चहा चीनकडून जहाजाने येई. पान पेटीतून आले, झुडूप इथे कधी रुजले नाही. देशात चहाचे मळे उभे राहिले ते आसाम, दार्जिलिंग आणि निलगिरीत, म्हणजे जिथे जमीन आम्लधर्मी, निचरा चांगला आणि हवा दमट आहे तिथे. शोभेचा कॅमेलियाही भारतात चांगला फुलतो तो दार्जिलिंग, कालिंपोंग, शिलाँग, उटी अशा थंड डोंगरी गावांत.

आता सुरतेची जमीन पाहा. तापीच्या गाळाची आणि बेसॉल्ट झिजून झालेली ही काळी, चिकणमातीची जमीन कापसाला आणि उसाला उत्तम. तिचा सामू (pH) साधारण 7.5 ते 8.5, कॅमेलियाला हवा 5.5 ते 6.5. सामूत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे लक्षात घेतले की ही दरी किती खोल आहे ते कळते. अशा जमिनीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही. मग कोवळे पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि काही महिन्यांत पानाच्या कडा करपतात. बोअरचे जड पाणी रोज घातले की त्यात भरच पडते. दुसरी अडचण मातीच्या हालचालीची. पावसाळ्यात ही माती फुगते आणि पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कॅमेलियाची मुळे वरवरची आणि बारीक असतात, त्यांना मोकळी हवा लागते. जुलै-ऑगस्टमध्ये ती कुजतात, आणि त्यातून वाचली तर मे महिन्यातल्या भेगांत तुटतात.

हवेचे गणितही जुळत नाही. सुरतेत वर्षाला सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने कोरडे, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. जपान, कोरिया आणि चीनच्या किनारी भागांत जिथे कॅमेलिया जंगलात वाढतो, तिथे पाऊस वर्षभर वाटून पडतो. त्याच्या कळ्या उन्हाळ्यात नव्या फुटीवर धरतात आणि त्या नीट उमलायला पुढे थंडीचे सलग काही आठवडे लागतात. सुरतेतल्या डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पारा तिशीच्या आसपास असतो, रात्री पंधराच्या. तेवढ्यात कळी फुगते, तपकिरी पडते आणि गळते. फोटोतले फूल मिळवण्यासाठी जे रोप घेतले, त्याची कळीच उमलत नसेल तर उरते ते रडतखडत जगणारे एक हिरवे झुडूप.

यावर हौशी माणूस म्हणेल, जमिनीत नको, कुंडीत लावू. कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत, पावसाचे साठवलेले पाणी किंवा एसीतून ठिबकणारे क्षारमुक्त पाणी, थोडे हिराकस, दुपारी सावली. एवढे केले तर झाड जगेल. हे खरे आहे, आणि गच्चीवर दोन कुंड्यांची अशी निगा राखणाऱ्याला कोणी अडवू नये. पण छंद वेगळा आणि बाग वेगळी. सोसायटीच्या बागेला एकच पाइप असतो, त्यातून येईल तेच पाणी सगळ्यांना, आणि माळी वर्षा-दोन वर्षांत बदलतो. एका माणसाच्या रोजच्या लक्षावर जगणारे झाड अशा बागेत टिकत नाही. शिवाय कुंडीने मातीचा प्रश्न सुटतो, थंडीचा नाही. सासांक्वा जातीचे वाण ऊन जास्त सोसतात, आणि चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या एका उन्हाळी फुलणाऱ्या जातीपासून नवे संकर तयार झाले आहेत, हाही मुद्दा निघेल. त्यांच्या बाबतीत उष्णतेचा आक्षेप थोडा सैल होतो हे मान्य. पण ग्वांगदोंगची जमीन आम्लधर्मी लाल आणि हवा वर्षातला बराच काळ दमट. काळ्या, चुनखडीयुक्त मातीशी त्या संकरांचे वाकडेच राहणार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोगनवेल ब्राझीलची, पांढरा चाफा अमेरिकेचा, मग कॅमेलियानेच काय घोडे मारले? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच स्वदेशी-परदेशीचा वाद इथे निरर्थक ठरतो. बोगनवेल कोरड्या हवेत, जड मातीत, कमी पाण्यावर लालभडक होते, म्हणून ती खुशाल लावावी. उलट आपला लाडका अनंत पाहा. दारात अनंत हवा असे अनेक मराठी घरांना वाटते, पण चुनखडीच्या जमिनीत त्याचीही पाने कॅमेलियासारखीच पिवळी पडतात. एक्झोरा तर दक्षिणेतल्या लाल मातीचे आणि कोकणातल्या जांभ्याचे झुडूप. सुरतेत सोसायट्यांच्या कुंपणाला लावलेल्या एक्झोऱ्याची पिवळट रांग जवळून पाहिली की रोग नसून जमीन बोलते आहे हे समजते. झाडाचे मूळगाव विचारून उपयोग नाही. त्याला कोणती माती हवी आणि ती आपल्याकडे आहे का, हे विचारायला हवे.

हा प्रश्न विचारण्याची जुनी परंपरा आहे आणि तिचा एक धागा सुरतेतच येऊन संपतो. कतारगाम दरवाजाजवळच्या डच दफनभूमीत हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याची भव्य कबर आहे. 1691 च्या डिसेंबरात मुंबईजवळ समुद्रात त्याचा मृत्यू झाला आणि त्याला इथे पुरण्यात आले. कोचीनचा डच अधिकारी असताना त्याने ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध करवला. 1678 ते 1693 या काळात तो आम्सटरडॅमला 12 खंडांत छापला गेला आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने त्याचा आधार घेतला. जास्वंद, तगर, एक्झोरा ही झुडपे त्यात चित्रांसह आहेत. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते, आणि त्यांची नागरी लिपीतली साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. ग्रंथाची पद्धत आजही शिकण्याजोगी आहे. झाड कुठे वाढते, कधी फुलते, कशासाठी वापरतात, हे तिथल्या जाणकारांना विचारून लिहायचे. आज रोपाच्या पिशवीवर फोटो असतो, किंमत असते, पण ही माहिती नसते.

मग लावायचे काय? कॅमेलियात जे आवडते ते सगळे दुहेरी तगरीत जवळपास सापडते. गडद चकचकीत पान, बारमाही हिरवेपणा, अर्ध्या सावलीतही फुलण्याची तयारी आणि चुण्या पडलेल्या पाकळ्यांचे भरगच्च पांढरे फूल. त्यावर रात्री मंद सुगंध, जो बहुतेक कॅमेलियांना नसतो. छाट कलमाने ती सहज लागते, छाटणी सोसते आणि काळ्या जमिनीत तग धरते. रंग हवा असेल तर जास्वंदीचे वाण अगणित आहेत. पिठ्या ढेकणाकडे लक्ष ठेवावे लागते एवढेच. कुंपणाला कुंती लावावी, पाऊस पडून गेला की ती एकदम पांढरी होते. कडक उन्हाच्या बाजूला शंकासुर आणि कण्हेर. मात्र कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असल्याने मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ ती नको. कोपऱ्यात पारिजातक, पण पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर. हिवाळ्यात कोरांटी. अशी निवड केली तर वर्षातला एकही महिना फुलांवाचून जात नाही, आणि एप्रिलमध्ये माळ्याला झाडांची शुश्रूषा करत बसावे लागत नाही.

‘ही तर गावाकडची झाडे’ असे नाक मुरडणारे असतात. सुरतेतल्या मराठी वस्तीला तरी हे शोभत नाही. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथली बहुतेक मराठी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली. खानदेशची जमीनही काळी आणि नदीही तीच तापी. तिकडच्या अंगणात जी झुडपे पिढ्यान्‌पिढ्या फुलली ती इथे फुलणार, हे अनुभवाचे ज्ञान या वस्त्यांत आधीपासून आहे. चाळीच्या दारातली, पत्र्याच्या डब्यात लावलेली तगर आणि देवाला रोज फूल देणारी जास्वंद हा त्याचा पुरावा. महागड्या सोसायटीच्या आराखड्यात त्यांना जागा मिळत नाही याचे कारण त्या रोज डोळ्यांसमोर असतात, इतकेच. नजरेत नावीन्य हवेच असेल तर ते वाणांच्या निवडीत, लागवडीच्या रचनेत आणि छाटणीत आणता येते. एकाच तगरीचे कुंपण होते, गोल झुडूप होते आणि एका खोडावर वाढवले तर लहान झाडही होते.

दुर्मीळ म्हणून कॅमेलिया जपायला हवा, असेही कोणी म्हणेल. जपायला हवाच, पण जिथे तो जगतो तिथे. कालिंपोंगच्या रोपवाटिकेतून दोन हजार किलोमीटर आणलेले रोप सुरतेत दोन उन्हाळ्यांत मेले तर त्यात जपणूक कसली? तो पैसा वाया जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘आपल्याकडे काही उगवतच नाही’ असा समज पक्का होऊन लोक बागेत प्लास्टिकची हिरवळ अंथरतात.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. रोप विकणाऱ्याने पिशवीवर मातीचा सामू, पाण्याची गरज आणि या भागात फुलण्याचा महिना लिहावा, आणि ग्राहकाने हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. महापालिकेच्या उद्यान खात्याने सुरतेच्या जमिनीसाठी झुडपांची यादी गुजराती आणि मराठीत काढावी. नवसारी कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, तज्ज्ञ बाहेरून आणायला नकोत. आणि सोसायटीच्या समितीने बागेचा आराखडा मंजूर करण्याआधी वीतभर खोल खणून मूठभर माती काढावी, तिच्यावर थोडे व्हिनेगर टाकावे. ती फसफसली तर मातीत चुनखडी आहे. मग कॅमेलियाच नव्हे, अनंत आणि एक्झोराही यादीतून कापावेत आणि ते पैसे तगर, कुंती, जास्वंदीवर खर्च करावेत. पाच रुपयांच्या व्हिनेगरने पुढची पाच वर्षे वाचतात.