काच घडवणाऱ्या बाईचं नाव

"हातात बांगड्या भरल्यात का?" पुरुषाला भित्रा ठरवायचं असलं की आपल्याकडे हा प्रश्न विचारतात. काच म्हणजे बाई आणि बाई म्हणजे दुबळी, हा त्यामागचा हिशेब. पण ही बांगडी घडते कशी? फिरोजाबादला भट्टीतून आलेली कडी सरळ करणं आणि आगीच्या ज्योतीवर त्यांची टोकं जुळवणं, हे काम घरोघरच्या बायका नगावर करतात. त्यांचं नाव कुठेच लागत नाही.

काचकामात स्वतःचं नाव लावणारी एक बाई होती, यारोस्लावा ब्रिख्तोवा. चेकोस्लोव्हाकियातल्या झेलेझ्नी ब्रॉड या काचकामाच्या गावी १९२४ साली तिचा जन्म झाला. वडील काचेचे कलावंत. प्रागला शिल्पकला शिकून ती परतली. तिथल्या काच कारखान्यात इमारतींसाठी काच घडवणारा विभाग तिने १९५० पासून १९८४ पर्यंत सांभाळला. १९५४ मध्ये चित्रकार स्टानिस्लाव लिबेन्स्की तिला भेटले. ते चित्र काढत, ती मातीत आकार घडवी. त्यावरून साचा करायचा, भट्टीत काच वितळवून त्यात ओतीव शिल्प करायचं, आणि ते तडकू नये म्हणून अगदी सावकाश थंड करायचं. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. लग्न झालं १९६३ मध्ये. लिबेन्स्की २००२ साली वारले, ती २०२० मध्ये.

चित्र काढणारा तो कलावंत आणि घडवणारी ती मदतनीस, अशी वाटणी सहज झाली असती. पण ही शिल्पं दोघांच्या नावाने ओळखली जातात.

मैत्रिणींनो, आपल्या लातूर-नांदेडच्या शिवारात काय दिसतं? सोयाबीन खुरपते बाई, काढते बाई. सातबारा मात्र नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा. म्हणून ती शेतकरी नाही, 'शेतकऱ्याची बायको'. नवऱ्याने आत्महत्या केली की ज्या जमिनीत ती राबली, तिच्यासाठीच तिला सासरच्यांपुढे हात पसरावे लागतात. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ ची आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नावही येतं. मुलाच्या नावापुढे आई चालते, मग जमिनीच्या कागदावर का नको?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा आणावा. मोठ्याने वाचावा. आपलं नाव नसेल, तर त्याच आठवड्यात नवऱ्याशी बोलून तलाठ्याकडे अर्ज द्यावा. एकटीला जड जात असेल तर चौघींनी सोबत जावं.