पोट उतरवायचं तर

घरात सुतळी असेलच. तुमच्या उंचीएवढी कापून घ्या आणि तिची बरोबर मधोमध घडी घाला. ही अर्धी सुतळी बेंबीच्या पातळीवरून पोटाभोवती फिरवा. श्वास सोडलेला असू द्या, पोट आत ओढू नका. दोन्ही टोकं आरामात मिळाली तर काळजी नाही. मिळाली नाहीत, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

टेप असेल तर आणखी चांगलं. आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि बाईची 80 च्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात.

नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं तुमच्या गावातही असतील. काट्यावर त्यांचं वजन बरोबर भरतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच होतं. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली. आपली माणसं बारीक दिसूनही चरबी धरतात. ती पोटात, यकृताच्या आसपास बसते. मधुमेह आणि रक्तदाब तिच्याच मागून येतात.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करा. मोठं दिसणारं प्रत्येक पोट चरबीचं नसतं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात हिवताप आहे, सिकलसेल आहे. त्यात डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढते. दारूनं यकृत खराब झालं की पोटात पाणी भरतं. बायकांच्या पोटात गाठ असू शकते. पोट थोड्याच दिवसांत वाढलं, कडक लागलं, हातपाय वाळत चालले, पाय सुजले, डोळे पिवळे झाले, यातलं काहीही असेल तर व्यायाम सुरू करू नका. सरळ दवाखाना गाठा.

आता ताटाकडे या. ब्रह्मपुरी, नागभीड, मूल, सिंदेवाही आणि जवळजवळ सगळा गडचिरोली जिल्हा भातावर जगतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत हेरलेला एचएमटी तांदूळ आज कुठल्या कुठे पोचला आहे. तेव्हा भात सोडा असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर ऐकू नका. सोडून जमणारही नाही. चार दिवस सोडाल आणि पाचव्या दिवशी दुप्पट खाल.

तुमच्या आजोबांच्या ताटातही भाताचा ढीग असायचाच. पण तो माणूस दिवसभर चिखलात उभा राहायचा. नांगर, रोवणी, कापणी, भारे वाहणं, सगळं अंगावर होतं. तांदूळही घरी ढेकीत कांडलेला, कोंडा राहिलेला असायचा. आता ट्रॅक्टर आला, दारात मोटारसायकल आली, तांदूळ गिरणीतून पांढराशुभ्र होऊन येतो. ताटातला ढीग मात्र तेवढाच राहिला. तुमचं पोट तिथून आलं आहे.

म्हणून ढीग कमी करा. तुमचं काम बसून असेल तर एका जेवणाला शिजलेल्या भाताच्या दोन लहान वाट्या पुरतात. सुरुवातीला पोट रिकामं वाटेल. त्यासाठी जेवणाचा क्रम बदला. आधी भाजी आणि घट्ट वरण खा, भात शेवटी घ्या. तूर, मूग, बरबटी, अंडी, तळ्यातले मासे यांनी पोट भरल्यासारखं राहतं आणि अंगातलं मांस टिकतं. आपलं रान भाज्यांनी भरलेलं आहे. पावसाळ्यात तरोटा, वास्ते, सात्या येतात, अंबाडी तर दारातच असते. बाजारातल्या महागड्या पावडरींच्या मागे लागू नका. वरोरा, राजुरा, कोरपना भागातल्या घरांनी एक वेळची ज्वारीची भाकर परत आणावी.

साखर बघा. एका कपात दोन चमचे, दिवसाला चार कप चहा, म्हणजे माणशी महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर झाली. चहा सोडू नका. या आठवड्यात दीड चमचा करा, पुढच्या आठवड्यात एक. जीभ हळूहळू सरावते.

तेल बघा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर तेल जास्त होतंय. तो डबा सात आठवडे पुरवा. कढईत बाटली उपडी करू नका, पळीनं मोजून घाला. सकाळी चौकात तर्री-पोहा, वर आलूबोंडा, हे रोजचं असेल तर ते आठवड्यातून एकदाच ठेवा.

मधल्या वेळचं तोंड चालवणं थांबवा. विदर्भातलेच डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, असं सांगितलं. ते सगळ्यांना झेपेल असं नाही. पण दोन जेवणांच्या मध्ये बिस्किटं, चिवडा, फरसाण नको, एवढं त्यातून घ्याच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका. साखर एकदम उतरून माणूस कोसळतो.

खाणीत, वीज केंद्रात, सिमेंटच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांनी घरून डबा न्यावा. रात्री दोनची भूक फुटाण्यांवर भागते, तिला बोंडा लागत नाही. सकाळी आल्यावर खोलीत अंधार करून पुरेसं झोपा. झोप तुटली की भूक वाढते.

दारूबद्दल स्पष्टच सांगतो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. दुकान उघडं आहे म्हणून प्यायलाच हवी असं नाही. दारूतल्या एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये सात उष्मांक असतात, साखरेच्या जवळजवळ दुप्पट. वरून तळलेला चखना. रोजची दारू चालू ठेवून पोट उतरवायला निघालात तर मेहनत वाया जाईल.

आता चालणं. पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी जाते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. त्यानं पोटाचे स्नायू घट्ट होतात, वरचा थर तसाच राहतो. कंबरेला घट्ट पट्टा बांधून निघतो तो घाम, चरबी नाही. शरीर चरबी सगळ्या अंगातून काढतं, आणि तिला हलवायला लांब, दमदार चालणं लागतं. रोज अर्धा ते पाऊण तास चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा.

पण कुठे चालायचं, हे आपल्या जिल्ह्यात नीट बघावं लागतं. शहरातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पहाटे उठून फिरायला जा. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या माणसानं हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. अंधारात, झुंजुमुंजू होताना आणि दिवेलागणीला वाघ-बिबट्या हिंडतात. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या वस्तीजवळ त्यांनी माणसांवर हल्ले केलेले तुम्हाला माहीत आहेत. तेव्हा जंगलाकडच्या रस्त्यानं जाऊ नका. चांगलं उजाडू द्या. गावातल्या शाळेचं मैदान, बाजारचौक, वस्तीतला रस्ता घ्या. दोघं-तिघं मिळून जा. कानात गाणी लावू नका. मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांनी एकट्यानं वाकून वेचत राहू नये, सोबत उभं राहून बघणारं माणूस हवं.

एप्रिल-मेमध्ये ऊन 45 च्या वर जातं. तेव्हा चालणं घरात आणा. अंगणात सावलीत फेऱ्या मारा, सूर्यनमस्कार घाला, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. दहा वेळा उठलात, थोडं थांबलात, पुन्हा दहा. आठवड्यातून तीन दिवस उठाबशा आणि भिंतीला हात लावून दंड काढले, तरी मांड्या-दंडांत ताकद येते.

घरात कुणाला सिकलसेलचा आजार असेल तर त्याला दमेपर्यंत पळवू नका, उन्हात तर नाहीच. पाणी कमी पडलं आणि अंग फार दमलं की असह्य दुखणं उठतं. त्यानं डॉक्टरांना विचारून हलकं चालावं, पाणी पीत राहावं. छातीत दुखतं, चढावर धाप लागते, त्यांनीही आधी तपासून घ्यावं.

बायांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तुम्ही खाता. तो तुमच्या पोटावर बसतो. कमी शिजवा. उरला तर सकाळच्या फोडणीच्या भातासाठी लगेच थंड जागी झाकून ठेवा, आणि सगळ्यांसोबत ताट घेऊन बसा. घरकाम खूप होतं हे खरं, पण ते थांबत-थांबत होतं. सलग अर्धा तास स्वतःसाठी मागून घ्या. बाळंतपणानंतरचं पोट लगेच उतरत नाही. बाळ अंगावर पीत असताना उपाशी राहू नका.

घाई करू नका. महिन्याला दीड-दोन किलो पुरे. पहिल्या महिन्यात पोट तसंच दिसेल आणि तुम्ही वैतागाल. तरीही तीन महिने सोडू नका. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग यांना 1995 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी हृदयविकारानं गाठलं. त्यांनी आपलं खाणं, चालणं, दिनक्रम सगळं बदललं आणि ते सगळं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात लिहिलं. वाचता येत असेल तर वाचा, नाहीतर मुलाकडून वाचून घ्या.

तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. या आठवड्यात जा. नवरा-बायको दोघंही जा, म्हाताऱ्यांनाही सोबत न्या.