विमा कोणासाठी?

मोटारविम्याची चर्चा निघाली की ती हप्त्याच्या दरापाशी येऊन थांबते. कोणत्या देशात तो स्वस्त, कोठे महाग, एवढाच हिशेब मांडला जातो. वास्तविक सक्तीचा विमा मोटारमालकाच्या सोयीसाठी नव्हे, तर मोटारीखाली सापडणाऱ्यासाठी जन्मास आला. तुलना करावयाची ती याच कसोटीवर.

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात टॉमी डग्लस यांच्या समाजवादी सरकारने १९४६ साली वाहन-नोंदणीबरोबरच सरकारी विमा सक्तीचा केला आणि चूक कोणाचीही असो, जखमीस ठरावीक भरपाई देऊ केली. न्यूझीलंड १९७४ मध्ये त्याही पुढे गेला. तेथे अपघातग्रस्तास उपचार मिळतात, बुडालेल्या वेतनाचा ८० टक्के भाग मिळतो; कोर्टकज्जा नाही. रस्त्यावरील अपघातांचा खर्च पेट्रोल व वाहन-परवान्यावरील आकारणीतून भागतो.

आपण १९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण केले. मालकी बदलली, परंतु पुरेशी भरपाई हवी तर जखमीने चालकाची चूक सिद्ध करावी, हे तत्त्व कायम राहिले. २००० नंतर खाजगी कंपन्याही परतल्या. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मिळतात. धडक देणारे वाहन पळून गेले तर मात्र २ लाख! मजुराच्या जिवाचे मोल मारणारा सापडण्यावर ठरावे, हा कोणता न्याय?

पेट्रोलवर भरमसाट कर घेणाऱ्या सरकारने त्यातूनच सर्व अपघातग्रस्तांसाठी समान निधी उभारावा. हप्ता कमी करण्याच्या मागणीआधी ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.