दावा आला की विक्री थांबवा

सणाला चाकरमानी गावी येतात, वर्षभर बंद असलेलं घर उघडतं, माळा साफ होतो आणि जुन्या भांड्यांना वाट फुटते. तळा, माणगाव, म्हसळा, रोहा या भागात आपल्यापैकी अनेकांचा माल असाच जमा होतो. घंगाळं, बंब, हंडे, समया, झोपाळ्याच्या पितळी कड्या. पूर्वी यातलं बरंचसं वजनावर मोडीत जायचं. आता मोबाइलवर फोटो टाकला की थेट बंगळूर-दिल्लीहून विचारणा येते. वस्तू वितळण्यापासून वाचते आणि जाणकार गिऱ्हाईक तिचा योग्य भाव देतं. हा बदल आपल्या व्यवसायाच्या भल्याचाच आहे.

पण फोटो जितका दूर जातो तितक्या अधिक नजरांना पडतो. मग एखाद्या दिवशी निरोप येतो : ‘ही समई आमच्या देवळातली आहे. चोरीला गेली होती.’ असा निरोप आल्यावर व्यावसायिकाने नेमकं काय करायचं, याबद्दल आपल्यात फारसं बोललं जात नाही. म्हणून या अंकात तो विषय घेतला आहे.

अशा वेळी घाबरून तीनच गोष्टी केल्या जातात. कुणी जाहिरात काढून टाकतो, निरोप पुसतो आणि समोरच्याचा नंबर ब्लॉक करतो. कुणी येईल त्या भावात वस्तू घाईने विकून मोकळा होतो. आणि कुणी, विशेषतः गावात नाव खराब होईल या धास्तीने, दारात आलेल्या माणसाच्या हाती वस्तू देऊन टाकतो. तिन्ही वाटा चुकीच्या आहेत आणि तिन्ही आपल्याच अंगाशी येतात.

का, ते कायद्याच्या भाषेत पाहू. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीच्या मालाविषयी आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, जो अप्रामाणिकपणे तो घेतो किंवा जवळ ठेवतो, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा माल लपवायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला जाणूनबुजून मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. आणि असा व्यवहार सवयीने करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. म्हणजे केवळ घेताना नव्हे, ठेवताना आणि विकतानाही आपल्याला काय ठाऊक होतं हे पाहिलं जातं. काल समई घेताना तुम्ही निर्धास्त होता. आज दावा आल्यावर तसं म्हणता येणार नाही. दावा खरा असेल किंवा खोटा, तो कानावर आल्यानंतर केलेली प्रत्येक कृती त्या माहितीच्या उजेडात तपासली जाईल. पुसलेला निरोप आणि घाईने केलेली विक्री तिथे फार वाईट दिसतात.

दुसरी गोष्ट साक्ष्य अधिनियमातली आहे. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो, तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून घेणारा, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. मात्र माल आपल्याकडे कसा आला हे त्याला सांगता आलं तर गोष्ट वेगळी. १८७२ च्या जुन्या कायद्यात हे कलम ११४ मध्ये होतं, आता कलम ११९ मध्ये आहे. ‘कसा आला’ याचं उत्तर देणारा कागद हीच आपली खरी ढाल आहे.

हे कुठे दूरचं नाही. आपल्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत खोदताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा मिळाला. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला, दोन रखवालदारांचा खून झाला आणि मुखवटा वितळवला गेला. २०१७ मध्ये अलिबागच्या विशेष न्यायालयाने दरोडेखोरांना शिक्षा दिली, तशी ते सोनं घेणाऱ्या सराफांनाही दिली. हस्तगत झालेल्या सोन्यातून घडवलेला गणपती नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा मंदिरात बसला. दरोड्याच्या रात्री जे तिथे नव्हते, त्यांनाही माल घेतल्याचा जाब द्यावा लागला. जुन्या धातूचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

आता आपल्या भागातली खरी गुंतागुंत. कोकणात ‘चोरी’ म्हणून आलेला प्रत्येक दावा चोरीचाच असतो असं नाही. घर चार भावांचं, किल्ली एकाकडे. त्याने माळ्यावरचा बंब विकला आणि विरारच्या भावाने तो मोबाइलवर पाहिला. त्याच्या दृष्टीने ती चोरीच. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही गोष्टींत मोठा फरक आहे. १९३० च्या माल विक्री अधिनियमाचं कलम २७ सांगतं की मालक नसलेल्याने मालकाच्या अधिकाराशिवाय विकलेल्या मालावर घेणाऱ्याचा हक्क सामान्यतः चढत नाही. चोरीचा माल दहा हात फिरला तरी तो मूळ मालकाचाच. कलम २८ सहमालकांबद्दल आहे. बाकीच्यांच्या संमतीने वस्तू एकट्याच्या ताब्यात असेल, त्याने ती विकली आणि घेणाऱ्याने सद्भावाने घेतली, विकणाऱ्याला अधिकार नाही हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं, तर घेणाऱ्याला हक्क मिळतो. म्हणून दावेदाराला पहिला प्रश्न शांतपणे विचारा : वस्तू घर फोडून गेली, की घरातल्याच कुणी विकली? पण उत्तर काहीही आलं तरी निवाडा आपण करायचा नाही. भाऊबंदकीत पंच होणं हे व्यापाऱ्याचं काम नव्हे.

ओळख पटवण्याच्या बाबतीत आपला व्यवसाय नशीबवान आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची चाल आहे. आहेराच्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव, समईच्या बैठकीवर कुणाच्या स्मरणार्थ अर्पण केली त्याचा उल्लेख, देवळाच्या घंटेवर गावाचं नाव आणि शक. ही अक्षरं मालकीचा पुरावा आहेत. नाव घासलेलं भांडं दारात आलं तर ते घेऊ नका, आणि चकाकी आणण्यासाठी स्वतः कधीही नाव घासू नका. देवस्थानाच्या वस्तूबाबत आणखी एक वाट आहे. नोंदणीकृत न्यासाच्या परिशिष्ट एकमध्ये जंगम मालमत्तेचीही नोंद असते. विश्वस्तांकडे तिचा उतारा मागता येतो.

मग दावा आल्यावर काय करायचं? विक्री त्याच क्षणी थांबवा. जाहिरात बंद करा, पण तिचे आणि सर्व निरोपांचे फोटो आधी जपून ठेवा. वस्तू आहे तशी बाजूला ठेवा. घासूपुसू नका, डाग देऊ नका. दावेदाराला लेखी कळवा की विक्री थांबवली आहे, तक्रारीची प्रत आणि ओळखीचा पुरावा पाठवा. तळाशी कोरलेलं नाव, पोचा, जोड अशा ज्या खुणा फोटोत दिसत नाहीत त्या तुम्ही सांगू नका, त्यालाच सांगू द्या. ज्याची वस्तू असेल त्याला त्या बहुधा पाठ असतात.

तक्रार केलेली नाही, असं उत्तर आलं तर ती करायला सांगा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइनही देता येते, फक्त ३ दिवसांत सही करावी लागते. मुंबईच्या माणसाला त्यासाठी तळ्याला यायची गरज नाही. आणि वस्तू द्यायची ती पोलिसांकडे, दावेदाराच्या हाती नव्हे. चोरीचा संशय असलेला माल जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना कलम १०६ देतं. पंचनाम्यात वस्तूचं वजन, उंची, खुणा नीट लिहून घ्या आणि प्रत मागा. ठाण्यात गेलेली वस्तू तिथेच गंजते, ही भीती आपल्यात खोल आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे की पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन मुद्देमाल योग्य व्यक्तीला लवकर द्यावा. १५ दिवस ते महिन्याहून अधिक काळ तो ठाण्यात पडू नये. त्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

वस्तू आधीच विकली गेली असेल तर गिऱ्हाइकाला लगेच कळवा आणि त्याची माहिती पोलिसांना द्या. गुपचूप परत मागवू नका. ज्याच्याकडून आपण घेतली त्यालाही लेखी कळवा, कारण माल विक्री अधिनियमाच्या कलम १४ नुसार विकण्याचा हक्क स्वतःला आहे, ही हमी विक्रेत्याने दिलेली असतेच. आपले पैसे त्याच्याकडे मागता येतात.

खोटे दावेही येतात. ‘पोलीस ठाण्यातून बोलतोय, पैसे पाठवा, प्रकरण मिटवतो’ असा फोन आला तर पैसे देऊ नका. तळा पोलीस ठाण्यात स्वतः जा आणि १९३० या क्रमांकावर कळवा. वरची पद्धत खोट्या दाव्यालाही पुरते. तक्रार आणि खुणा मागितल्या की खोटा माणूस पुन्हा फोन करत नाही.

या सगळ्याचं मूळ खरेदीच्या वहीत आहे. विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, वस्तूचे चारही बाजूंचे फोटो, वजन, तारीख आणि ‘ही वस्तू माझी आहे, इतर हिस्सेदारांची संमती आहे’ अशी सही. रोख दिली तरी पावती हवी. वस्तू शंभर वर्षांहून जुनी आणि पुरावशेषांत मोडणारी वाटली, तर १९७२ च्या पुरावशेष अधिनियमानुसार परवान्याशिवाय तिचा व्यवसाय करता येत नाही. कुडा लेण्यांच्या तालुक्यात हे विसरून चालणार नाही. भांड्यांबरोबर जुने मोबाइल विकणाऱ्यांनी ‘केवायएम’ लिहून पुढे आयएमईआय क्रमांक टाकावा आणि १४४२२ वर संदेश पाठवावा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं.

एखाद्या समईचे पैसे बुडतील, हे खरं आहे. ते नुकसान सोसण्याजोगं आहे. चोरीचा माल पचवणारा दुकानदार हे नाव लागलं तर ते सोसण्याजोगं नाही, आणि ते एकाला लागलं की साऱ्या व्यवसायाला चिकटतं. जुनी वस्तू विकताना गिऱ्हाईक आपल्याकडून धातू घेत नाही, ती कुठून आली याचा भरवसा घेतं. वाचकांना विनंती आहे : आजच्या आज खरेदीची वही सुरू करा, आणि पुढचा दावा आला की आधी विक्री थांबवा, मग बोला.